साथीचे दिवस आणि तंजावरची मराठी माणसे



स्मरणिकेत तंजावरवर लेख आहे म्हटले की त्यात काय काय असणार, हे आता आपल्या सर्वांना पाठ झाले आहे. व्यंकोजीराजे येणार, सरस्वती महाल येणार, मोठ्या देवळातला मराठी शिलालेख येणार, आणि शेवटी सांबाराची ती गोष्ट येणार. (ती गोष्ट खरी असो वा नसो, चवदार आहे हे निश्चित!) हे सारे अभिमानाचेच विषय आहेत, त्यांचा कंटाळा कोणी करू नये. परंतु १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांबरोबर या मुलखात रुजलेला मराठी माणूस साडेतीनशे वर्षे टिकला, तो काही नुसत्या सुगीच्या दिवसांत नव्हे. देवीच्या साथी आल्या, पटकी आली, १९१८ चा इन्फ्लुएन्झा आला, आणि आपण सर्वांनी अनुभवलेला करोना आला. चार माणसे एकत्र जमणे हाच जेव्हा धोका होतो, तेव्हा एक लहानसा समाज एकमेकांना धरून कसा राहतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२०२० साल आठवा. ५ फेब्रुवारीला बृहदीश्वराच्या देवळाचा कुंभाभिषेक झाला. २३ वर्षांनी आलेला तो योग, त्यामुळे गावात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यानंतर दीड महिन्यातच त्याच देवळाचे दरवाजे बंद झाले आणि २५ मार्चपासून सारा देशच घरात बसला. २२ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती, पण तमिळनाडू सरकारने सार्वजनिक मूर्तिस्थापनेला आणि मिरवणुकीला मनाई केली होती. ज्याने त्याने आपापल्या घरी पूजा केली. तेव्हापासून आपल्यात बोलण्याची एक पद्धत पडली आहे की, “त्या वर्षी उत्सव बुडाला.” हे म्हणणे मला पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

देवी आणि अम्मै

तंजावरपासून अगदी जवळ पुन्नैनल्लूरचे मारिअम्मनचे देऊळ आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी तिथे जाऊन दर्शन घेतले असेल. देवळाची आख्यायिका अशी की, समयपुरमच्या यात्रेत व्यंकोजीराजांना देवीने स्वप्नात येऊन पुन्नैच्या, म्हणजे उंडीच्या, रानातील आपला ठाव सांगितला. पुढे तुळजाराजांच्या मुलीची आजारात दृष्टी गेली आणि इथे येऊन ती परत मिळाली, अशीही कथा आहे. मूळ मूर्ती वारुळाच्या मातीची असल्याने तिला पाण्याचा अभिषेक होत नाही. हे देऊळ आजही भोसले घराण्याशी जोडलेल्या राजवाडा देवस्थानाकडे आहे.

गंमत शब्दांची आहे. आपण म्हणतो “देवी आल्या”, तमिळ माणूस त्याच रोगाला “अम्मै”, म्हणजे आईच, म्हणतो. आपल्याकडे गावाच्या वेशीवर मरीआई, इकडे मारिअम्मन. राज्यकर्ते मराठी, रयत बहुतांशी तमिळ, दोघांची भाषा वेगळी, पण रोगाची भीती आणि भीतीला दिलेले नाव एकच. राजवाड्यातली मुलगी आणि कुंभाराची मुलगी एकाच देवीपुढे डोळ्यांसाठी उभी राहते, तेव्हा परका राजा थोडा कमी परका होतो. राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत याला जागा मिळत नाही. माझ्या मते मिळायला हवी.

मग लस आली. इंग्लंडातून बगदाद, बसरामार्गे निघालेली देवीची लस मुंबईत पोचली, आणि १४ जून १८०२ रोजी अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. हिंदुस्थानातील ती पहिली यशस्वी टोचणी. तिच्या दंडावरच्या फोडातील लस घेऊन आणखी मुलांना टोचले, आणि तिथून ती पुढे मद्रास इलाख्यापर्यंत गेली. त्या काळी बर्फ नाही, शीतपेटी नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कुपीतली लस निकामी होई. त्यामुळे ती जिवंत न्यायची तर एका मुलाच्या दंडावरून आठवड्याभराने दुसऱ्याच्या दंडावर, दुसऱ्याच्या दंडावरून तिसऱ्याच्या, अशी साखळी ठेवावी लागे. मधल्या एका गावाने मुले द्यायला नकार दिला की साखळी तुटली! जात, सोवळे, परक्याचा स्पर्श, या सगळ्या शंका आडव्या येत. अशा वेळी गादीवरच्या माणसाने कोणती बाजू घेतली याला फार महत्त्व होते. तंजावरच्या गादीवर तेव्हा दुसरे सरफोजीराजे होते, आणि त्यांनी लस टोचण्याच्या बाजूने आपले वजन टाकले. म्हैसूरच्या राजघराण्यानेही त्याच काळात तेच केले.

सरफोजीराजांविषयी एक गोष्ट विसरता कामा नये. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने त्यांचे राज्य कंपनीकडे गेले होते. त्यांच्याकडे उरला किल्ला, राजवाडा आणि महसुलातील ठरलेला वाटा. फौज नाही, मुलूख नाही. पाद्री श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली शिकलेला हा तरुण राजा मग धन्वंतरी महालात वैद्य बसवतो, आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय औषधे शेजारी शेजारी ठेवून पाहतो, डोळ्यांच्या रोग्यांची सचित्र टिपणे ठेवतो, अनुभवलेले उपचार तमिळ पद्यात उतरवून घेतो. ती पद्ये सरभेंद्र या त्यांच्या नावाने सरस्वती महालाने पुढे छापलीही. उपचार लोकांच्या भाषेत असावेत, म्हणून तमिळमध्ये. आपल्या मराठीपणाचा टेंभा मिरवणाऱ्यांनी याकडे जरूर पाहावे.

मध्यरात्रीची घंटा

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती म्हणजे छत्रे. मराठीत आपण अन्नछत्र म्हणतो, तमिळमध्ये सत्तिरम. दोन्ही शब्द संस्कृत “सत्र” पर्यंत जातात. काशीहून रामेश्वरला जाणारा यात्रेकरू तंजावरच्या मुलखातून जाई, आणि त्या रस्त्यावर भोसले राजांनी जागोजागी छत्रे बांधली होती. बऱ्याच छत्रांना राजघराण्याशी संबंधित स्त्रियांची नावे आहेत. नीडामंगलमचे यमुनांबा छत्र, ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र. मुक्तांबा ही सरफोजीराजांची प्रिय सखी. तिच्या नावाचे छत्र १८०२ च्या सुमारास उभे राहिले. ओरत्तनाडू इथून काही फार दूर नाही, पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर आहे. दगडी रथासारखी ती इमारत ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एका रविवारी अवश्य पाहून यावी.

तहानंतर या छत्रांच्या जमिनींचे काय होणार, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा १८०१ मध्ये सरफोजीराजांनी कंपनीचे रेसिडेंट टॉरिन यांना एक सविस्तर पत्र लिहिले. छत्रांत काय काय चालते याचा त्यात तपशील आहे, आणि माझ्या मते तंजावरच्या मराठी राज्यातला हा सर्वांत मोलाचा कागद आहे. त्यातील मजकुराचा आशय असा.

ब्राह्मणापासून जोगी, जंगम, अतीत, बैराग्यापर्यंत जो येईल त्याला शिजलेला भात. ज्याला दुसऱ्याच्या हातचे शिजवलेले चालत नाही त्याला शिधा आणि मसाला. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई की, अजून कोणी जेवायचा राहिला असेल त्याने यावे. प्रत्येक छत्रात वेद शिकवणारे, शाळेचा पंतोजी, आणि रोग, सूज व सर्पविष उतरवणारे वैद्य. वाटेत किंवा छत्रात आजारी पडलेल्याला औषध, पथ्याचे जेवण, आणि बरा होईपर्यंत आदराने शुश्रूषा. चालवत नसेल त्याला चालवेपर्यंत मुक्काम. तान्ह्या मुलांना दूध. गर्भवती तिथेच बाळंत झाली तर बाळंतपणाचा खर्च, औषध, आणि तीन महिने राहण्याची मुभा. मरण पावला तर त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी. परक्या माणसाचे मूल पोरके झाले तर ते पंतोजीच्या हवाली. त्याला तीन वेळा जेवण, चार दिवसांनी एकदा तेल लावून न्हाऊ घालणे, कपडे, त्याला आवडेल ती विद्या, आणि शिकून मोठे झाल्यावर लग्नाचा खर्चसुद्धा!

हा तपशील मी मुद्दाम सगळा दिला. दानधर्माची गोडवे गाणारी वर्णने पुष्कळ असतात. पण चार दिवसांनी तेल लावायचे, ही नोंद स्तुतिपाठक करत नाही, ती कारभारी करतो. हा सगळा बंदोबस्त ज्याच्यासाठी आहे तो माणूस पाहा. त्याला या गावात कोणी ओळखत नाही. त्याचे गाव शेकडो कोसांवर आहे. तापाने फणफणलेल्या अशा माणसाला घरात घ्यायला कोणीही कचरेल. ओळखीच्या माणसाची काळजी समाज घेतोच. साथीत खरा प्रश्न अनोळखी आजाऱ्याचा असतो. तंजावरने त्याच्यासाठी इमारत बांधली, वैद्य नेमला, जमीन लावून दिली. छत्रे बंद पडली तर ती आपली नामुष्की होईल, असे राजांनी पत्रात कळवले होते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८१७ मध्ये बंगालात जेसोरकडे पटकी उसळली आणि १८१८ साली ती मुंबई व मद्रास इलाख्यांत पोचली. हा रोग पाण्यातून पसरतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. लंडनमध्ये डॉ. स्नो यांनी पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवायला १८५४ साल उजाडले, आणि कॉखने कलकत्त्यात जंतू निश्चित केला तो १८८४ मध्ये. तोवर यात्रेचा रस्ता, सामाईक तलाव आणि एक पंगत, या तिन्ही गोष्टी पटकीला सोयीच्याच होत्या. म्हणजे जे छत्र आजाऱ्याला आसरा देत होते तेच रोगाला वाटही देऊ शकत होते. खुद्द सरफोजीराजे १८२० ते १८२२ या काळात हजारोंच्या लवाजम्यानिशी काशीयात्रेला गेले, तेव्हा ही साथ देशातून पुरती गेलेली नव्हती. इतके शास्त्र जाणणाऱ्या राजालाही जे कळणे शक्य नव्हते, त्याचा दोष त्यांना देता येणार नाही. मात्र “पूर्वी सारे उत्तम होते” असा सूर कोणी लावला तर हेही ध्यानात असावे.

५ ऑक्टोबर १९१८

१८५५ मध्ये शेवटचे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि कंपनीने तंजावर खालसा केले. दरबार मोडला तशी माणसे पांगली. कोणी कुंभकोणमला, कोणी तिरुचिरापल्लीला, कोणी मद्रासला. कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. राजवाड्याभोवतीचा समाज रेल्वे आणि टपालाच्या आधाराने जगू लागला. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. शुभ वर्तमान असेल तर आपण पत्राला कुंकू लावत होतो, तमिळ शेजारी कोपऱ्यांना हळद लावत. साथीच्या दिवसांत हळदकुंकू नसलेल्या कार्डाची लोक किती धास्तीने वाट पाहत असतील, याची कल्पना करवत नाही. १९१२ साली दक्षिणी महाराष्ट्रीयांनी मद्रासला महरट्टा एज्युकेशन फंड काढला, तो गरजू विद्यार्थ्यांसाठी. पोरक्या मुलाला विद्या देणाऱ्या छत्राचीच ती एक नवी आवृत्ती म्हणावी.

मग १९१८ आले. जूनमध्ये मुंबई बंदरात तापाची पहिली लाट आली, आणि सप्टेंबरात दुसरी, जास्त जीवघेणी. ती रेल्वेच्या रुळांवरून देशभर गेली. त्यात पाऊस फसलेला, धान्य महागलेले. मद्रास इलाख्यात धान्यासाठी दंगे झाले. हिंदुस्थानात या साथीने सव्वा ते दोन कोटी माणसे नेली असा अंदाज आहे. एकट्या मुंबईत ६ ऑक्टोबर या एका दिवशी ७६८ मृत्यू नोंदले गेले.

त्याच्या आदल्याच दिवशी, ५ ऑक्टोबर १९१८ रोजी, मद्रास सरकारचा एक हुकूम निघाला. राजवाड्यातील ग्रंथसंग्रह खाजगी मालमत्तेतून काढून सार्वजनिक संस्था म्हणून ताब्यात घेण्याचा. आपण आज ज्याला सरस्वती महाल ग्रंथालय म्हणतो ते लोकांचे झाले ते या हुकमाने. दोन तारखांचा संबंध योगायोगाचाच आहे, त्यात मी ओढूनताणून अर्थ काढत नाही. पण घरोघरी माणसे तापाने पडलेली असताना कोणीतरी हस्तलिखितांच्या कपाटांची काळजी करत होते, ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

कारण त्या कपाटांत नुसते काव्य नाही. तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत, आणि राजवाड्याच्या कारभाराचे मोडी कागदांचे हजारावर रुमाल आहेत. कोणाला काय दिले, कोणत्या छत्राला किती तांदूळ गेला, कोणाला औषध पोचले, असा रोजचा कारभार मोडीत लिहिला जात होता. तमिळ विद्यापीठाने त्यातील बऱ्याच कागदांचे तमिळ भाषांतर खंडांच्या रूपाने छापले आहे. आपल्या पूर्वजांचे कागद आज तमिळ अभ्यासक जास्त वाचतात, कारण मोडी वाचणारे मराठी हात कमी झाले. तक्रार नाही, उलट आभारच मानले पाहिजेत. पण आपल्या मंडळातल्या दोन-चार तरुणांनी मोडी शिकावी, एवढी इच्छा आहे.

पुन्हा २०२०

सार्वजनिक उत्सव आणि साथ यांची गाठ काही पहिल्यांदा पडली नव्हती. १८९३ मध्ये उत्सवाला सार्वजनिक रूप आले आणि चारच वर्षांत पुण्यात प्लेग घुसला. त्या वेळी, १८९७ मध्ये, केलेला साथरोग कायदाच २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. त्याच १८९७ च्या मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. आणि २०२० मध्ये मुंबईच्या लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला.

तमिळनाडूत त्या दिवसांत आपल्या माणसांची अडचण वेगळीच होती. राजांच्या वेळेपासून इथे असलेली घरे एका बाजूला. त्यांची मराठी तमिळ वळणाची, पुष्कळांना देवनागरी वाचण्याची सवय नाही, पण घर, शेजार, डॉक्टर, सगळे इथलेच. दुसऱ्या बाजूला विटा, खानापूर, आटपाडीकडून सोन्याचांदीच्या गलाईसाठी आलेली मंडळी. तमिळनाडूच्या लहानमोठ्या गावांत, सराफ बाजाराच्या एखाद्या बोळात, त्यांची भट्टी असतेच. मालकाचे कुटुंब असते, पण कामावरची पोरे बहुधा दुकानातच राहतात. बाजार बंद, भट्टी थंड, राज्याबाहेर जायला ई-पास, आणि गावाकडे म्हातारे आईबाप. पुष्कळ ठिकाणी अम्मा उणवगममध्ये फुकट जेवण मिळाले, त्याने मोठाच आधार झाला. छत्राची परंपरा या मुलखात मेलेली नाही, हे तेव्हा दिसले. पण तापाच्या रात्री कोणाला फोन करायचा, दवाखान्यात तमिळमध्ये कोण बोलणार, हे जेवणाने सुटत नाही. तिथे तंजावरी मराठी बोलणारा शेजारीच लागतो.

म्हणून म्हणतो, २०२० चा उत्सव बुडाला असे मोजू नये. मंडप नव्हता इतकेच. त्या वर्षी ज्यांनी एकमेकांच्या दारात डबा ठेवला, औषधाची चिठ्ठी वाचून दाखवली, गावाकडे निरोप पोचवला, त्यांची नोंद आपण कुठे केलेली नाही. मूर्तीची उंची आणि वर्गणीचा आकडा आपण दरसाल छापतो. छत्राच्या कारभाऱ्याने मात्र तेलाचीसुद्धा नोंद ठेवली होती.

या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर दरवर्षीप्रमाणे सभासदांची यादी आहे. नाव, पत्ता, दूरध्वनी, रक्तगट. ती चाळताना एक गोष्ट लक्षात येईल की त्यात फक्त कुटुंबप्रमुखांची नावे आहेत. भट्टीवरच्या मुलांची नाहीत, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांची नाहीत, नोकरीनिमित्त एकट्या आलेल्या मुलींची नाहीत, आणि देवनागरीतला अर्ज वाचता येत नाही म्हणून जुन्या घरांतल्या अनेकांची नाहीत. यंदापासून अर्ज मराठी आणि तमिळ अशा दोन्ही लिपींत ठेवावा, आणि ज्याचे येथे कोणी नाही त्याच्या नावापुढे जवळच्या एका घराचे नाव लिहावे, अशी सूचना समितीपुढे मांडली आहे. आपल्या ओळखीत असे कोणी असल्यास त्यांची नावे विसर्जनापूर्वी मंडपातील चिटणिसांच्या टेबलावर द्यावीत.